कॅराव्हॅनचे पाटे

सासऱ्यांना मी मामा म्हणते. आमच्या सांगलीकडे तशी पद्धतच आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तरी मामांचं आणि माझं बोलणं चार-पाच विषयांच्या पुढे गेलेलं नव्हतं. जेवलात का, गोळी घेतलीत का, तिकडे पाऊस झाला का. भांडण कधीच नव्हतं. ते माझ्याशी अदबीनं वागायचे आणि मी त्यांच्याशी. एका घरात दोन पाहुणे राहावेत तसं आमचं चाललं होतं.

मामांनी चौतीस वर्षं सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यातली बहुतेक कमानीच्या खात्यात. बसच्या चाकावर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जी जुडी असते, खड्ड्याचे दणके सोसणारी, तिला तिकडे कमान म्हणतात आणि त्यातल्या एकेका पट्टीला पाटा. एवढं मला माहीत होतं, कारण नवरा लहानपणच्या गोष्टी सांगताना त्या खात्याचा उल्लेख करायचा. त्यापुढे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. मामांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता बरे आहेत, पण एकटे ठेवू नका. म्हणून नवरा जाऊन त्यांना सिंगापूरला घेऊन आला, टॅम्पिनीसच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

नवरा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आहे, त्याच्या पाळ्या बदलत्या. मी सकाळी आठला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून वन-नॉर्थला कामाला जाते ती सहानंतर येते. मामा दिवसभर काय करायचे कुणास ठाऊक. टीव्ही त्यांना आवडत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी फ्लॅटमधल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मग ते खाली जाऊन बसायला लागले. इमारतीच्या तळमजल्यावर घरं नसतात, नुसती खांबांची मोकळी जागा असते, बाकं असतात. त्यातल्या एका बाकावर मामा, आणि समोरच्या बाकावर आमचे शेजारी अंकल.

अंकल चिनी, सत्तरीचे, पूर्वी लॉरी चालवायचे. मामांना इंग्रजी येत नाही, अंकलना मराठी कुठून येणार. तरी दोघं रोज दहा ते बारा तिथे बसत. एकदा मी सुट्टीवर होते तेव्हा खाली उतरताना बघितलं, तर दोघंही रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होते आणि मधूनच एखादी लॉरी गेली की एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

एका शनिवारी मी भाजी घेऊन येत होते, तर मामांनी बाकावरूनच हाक मारली. हाक मारणं हीच नवलाची गोष्ट होती.

"बाई, जरा इकडं ये. हे काय म्हणतायत बघ."

बाकावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर हातभर लांबीचा, गंजलेला, तुटका पोलादी तुकडा. अंकल म्हणाले, हा माझ्या कॅराव्हॅनच्या स्प्रिंगचा आहे. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची छोटी खोली. आत बिछाना, शेगडी, कपाट. अंकल आणि आंटी दरवर्षी ती घेऊन पूल ओलांडून मलेशियात समुद्रकाठी जायचे, आठ-दहा दिवस. गेली दोन वर्षं जमलं नव्हतं, कारण आंटीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता आंटी चालायला लागली, म्हणून कॅराव्हॅन जरा ओढून बघितली, तर ती एका बाजूला बसली. तीन गॅरेजना विचारलं. तिघांनी सांगितलं, इतक्या जुन्या मॉडेलचं सामान मिळत नाही, भंगारात काढा.

हे सगळं मी मामांना सांगत होते, पण त्यांचं लक्ष तुकड्याकडे होतं. त्यांनी तो उचलून तुटलेली बाजू उजेडाकडे धरली.

"बघ," ते अंकलना म्हणाले, मराठीतच. "इथपर्यंत काळं पडलंय. म्हणजे एवढा भाग लई आधी तुटलेला. महिना, सहा महिने, गाडी त्याच्यावरच चालली. आणि ही कड चकाकते. ही परवा गेली."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि माझ्याही नकळत पुढे बोलले, "आणि तडा ह्या बोल्टच्या भोकापासून निघालाय, मामा. या रेषा बघा. सगळ्या भोकाभोवती गोल आहेत."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुला काय माहीत?"

"माझं कामच ते आहे. धातू दमतो कसा आणि तुटतो कसा, तेच आम्ही लॅबमध्ये बघतो. मोठ्या मायक्रोस्कोपखाली."

"तू कॉम्प्युटरवर काम करतीस ना?"

"कॉम्प्युटर असतो समोर. पण काम धातूचं."

त्यांनी तुकडा वर्तमानपत्रावर परत ठेवला. मग म्हणाले, "नऊ वर्षं झाली की गं." एवढंच. आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मी बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंकलच्या धाकट्या भावाची बेटाच्या वायव्य टोकाला रोपवाटिका आहे आणि कॅराव्हॅन तिथेच उभी असते. भावाच्या पिकअपमधून आम्ही निघालो. पुढे अंकल आणि आंटी, मागच्या सीटवर मामा आणि मी. वाटेत आंटीनं आम्हाला डब्यातून पपईच्या फोडी दिल्या आणि मग एक गोष्ट सांगितली जी अंकलनी सांगितली नव्हती. रोपवाटिकेच्या जमिनीचा करार संपत आला होता. सरकारला जमीन परत द्यायची होती. महिनाअखेरपर्यंत, म्हणजे तेवीस दिवसांत, कॅराव्हॅन हलवायला हवी. टॅम्पिनीसजवळ लॉऱ्या उभ्या करायच्या आवारात अंकलनी तिच्यासाठी जागा मिळवली होती. पण ती तिथवर ओढून न्यायची तर चाकं फिरायला हवीत.

"नाहीतर तिला इथेच कापतील," आंटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

कॅराव्हॅन फिकट पिवळ्या रंगाची होती, ऑर्किडच्या कुंड्यांच्या मागे उभी. डावीकडे इतकी झुकलेली की टायर वरच्या पत्र्याला टेकला होता. मामांनी खाली पुठ्ठा टाकला आणि लुंगी सावरून सरळ तिच्याखाली शिरले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, नुकताच आजारातून उठलेला. मी घाबरून "मामा, मामा" करत राहिले. खालून नुसता आवाज येत होता, पान्यानं एकेक पाटा वाजवून बघण्याचा.

बाहेर आले तेव्हा खांद्यावर माती होती आणि चेहरा असा खुललेला, जो मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता.

"डावीकडचा दुसरा पाटा गेलाय. बाकीचे चार सरळ झालेत, जीवच नाही त्यांच्यात. उजवीकडचे तुटले नाहीत, पण तेही दमलेत. सांग त्यांना, दोन्ही बाजू बदलायच्या."

अंकल म्हणाले, उजवी बाजू चांगली आहे, नुसती डावी करू.

"नाही," मामा म्हणाले. "एक नवी नि एक जुनी, तर गाडी वाकडी चालते. मग नवी पण लवकर मोडते. पाटे जोडीनंच बदलायचे."

मी सांगितलं. अंकलनी आंटीकडे बघितलं, आंटी म्हणाली, "कॅन, कॅन," म्हणजे चालेल. ठरलं.

कमानी बनवून देणारं एक जुनं वर्कशॉप अंकलना त्यांच्या लॉरीच्या दिवसांपासून माहीत होतं, टॅम्पिनीसहून फार लांब नाही. पुढच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. मालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं मापं बघितली आणि म्हणाला, सहा मिलिमीटर जाडीचे पाटे आता कोण वापरतं? माझ्याकडे आठचे तयार आहेत, पिकअपचे. लांबी कापून देतो, आज घेऊन जा.

मी मामांना सांगितलं. त्यांनी आठचा पाटा हातात घेतला, तोलला, बोटानं कड चाचपली.

"चांगलं पोलाद आहे. जाड आहे ते बरंच. मजबूत राहील."

इथे माझी चूक झाली. मला तेव्हाच कळलं होतं. पाटा जाड केला की तो त्याच हिशोबानं ताठ होत नाही, कितीतरी जास्त होतो. मी बाजूला उभी राहून फोनवर गणित करून बघितलं. जाडी तिसऱ्या हिश्शानं वाढत होती, पण ताठपणा दुपटीच्या वर जात होता. एवढ्या हलक्या गाडीला ते फार होतं. मी फोन पर्समध्ये ठेवला. मामा मालकाशी खुणांनी बोलत होते, हसत होते, त्याला हातानं दाखवत होते की आमच्या बसच्या कमानी एवढ्या मोठ्या असायच्या. चौतीस वर्षं ज्यांनी तेच केलं त्यांना, परक्या माणसांसमोर, मी सुनेनं काय सांगायचं? कदाचित ते म्हणतात तेच बरोबर असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण समजूत पटली नव्हती.

रविवारी दिवसभर आम्ही रोपवाटिकेत होतो. जॅक लावून कॅराव्हॅन उचलली, खाली लाकडाचे ठोकळे घातले. गंजलेले नट अंकल आणि मी मिळून फिरवले, मामा बसून सांगत होते. जुनी कमान सुटून खाली पडली तेव्हा आंटीनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी चारपर्यंत दोन्ही नव्या कमानी चढल्या. कॅराव्हॅन सरळ उभी राहिली, उलट जरा जास्तच उंच. आंटी आत गेली, पडदे लावले, आणि घरून आणलेले निळ्या नक्षीचे सहा वाडगे कपाटात मांडून आली. लग्नात मिळालेले, ती म्हणाली. सहलीत ते नेहमी कॅराव्हॅनमध्येच असतात.

मग अंकलनी पिकअप जोडली आणि रोपवाटिकेतल्या कच्च्या रस्त्यावरून एक फेरी मारली. फार तर दोनशे पावलं. मी मागून बघत होते. पहिल्या खड्ड्यातच कॅराव्हॅन उडाली. दाबली गेली नाही, उडाली, रिकामा डबा उडावा तशी. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा. आतून आवाज आला.

थांबल्यावर दार उघडलं तर कपाट उघडं, पडद्याची दांडी खाली, आणि वाडग्यांचे तुकडे बिछान्यापर्यंत गेलेले. एकच वाडगा शाबूत होता.

"नेव्हर माइंड, नेव्हर माइंड," आंटी म्हणत होती. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती बिछान्याच्या कडेवर बसून हाताला लागतील ते तुकडे गोळा करत होती. मामा आत गेले. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एकेक तुकडा वेचून तिच्या हातातल्या कागदावर ठेवायला लागले.

घरी आल्यावर ते जेवायला बसले, पण ताटाकडे बघत राहिले. नवरा कामावर होता. मला राहवलं नाही.

"मामा, मला माहीत होतं."

"काय?"

"ते पाटे जास्त ताठ होणार ते. मी वर्कशॉपमध्येच गणित केलं होतं."

त्यांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात."

"मला खूश करायला गेलो होतो का आपण तिथं?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "त्या बाईचे लग्नातले वाडगे फुटले. माझ्या अडाणीपणानं फुटले म्हणून मी दुपारपासून मरतोय. आणि तू गणित पर्समध्ये घालून बसलीस?"

ते ताटावरून उठले. मी भांडी घासली आणि सिंकपाशी रडले. वाईट ह्याचंच वाटत होतं की ते खरं बोलत होते.

सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी मी सातला स्वयंपाकघरात आले तर ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर वही आणि पेन्सिल.

"बस," म्हणाले. "ते गणित दाखव मला."

"मामा, ऑफिसला..."

"जाशील. आधी दाखव."

मी चहा टाकला आणि दाखवलं. सूत्र नाही, चित्रं काढून. एक फूटपट्टी वाकवून, मग दोन फूटपट्ट्या एकमेकींना चिकटवून. त्यांनी स्वतः वाकवून बघितलं. मग वहीकडे बघत ते म्हणाले, "बसमध्ये साठ माणसं असायची. उभी धरून ऐंशी. जेवढं जाड तेवढं कमीच, असं आयुष्यभर बघत आलो. ह्या गाडीत दोनच माणसं, तीपण म्हातारी. मी गाडी बघितली, आतलं वजन बघितलंच नाही."

"दोन-दोन पाटे काढून टाकले तर?" त्यांनीच विचारलं.

मी आकडे मांडले. "नरम होईल, पण पुरेशी नाही. अजून काढले तर उरलेल्यांवर ताण जास्त येईल, ते वर्षभरात तुटतील."

"मग सहाचेच पाहिजेत."

"सहाचेच पाहिजेत."

त्या दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचले. पण एमआरटीत उभी असताना मला हसू येत होतं.

वर्कशॉपच्या मालकानं दोन दिवस फोनाफोनी करून कुठूनतरी सहाच्या सरळ पट्ट्या मिळवल्या. एक अडचण त्यानं आधीच सांगितली. भट्टीत तापवून वाकवणं आणि तेलात बुडवून कडक करणं त्याच्याकडे होईल. पण नंतर पाटे एकावर एक नीट बसावेत म्हणून प्रत्येकाला थंड असताना घणानं हलके ठोके देऊन कमान जुळवावी लागते. ते करणारा त्याचा जुना माणूस घरी बसला होता. "तुझा अंकल करेल?" त्यानं मला विचारलं, म्हणजे मामा. मी मामांना विचारलं. त्यांनी बाह्या वर केल्या.

शनिवारी सकाळी ऐरणीपाशी आम्ही चौघं होतो, मालक, अंकल, मामा आणि मी. मामांनी पाटा ठोकळ्यावर ठेवला, डाव्या हातानं धरला, उजव्या हातानं घण उचलला. घण लहानच होता. तो खांद्याच्या उंचीपर्यंत गेला, आणि तिथे त्यांचा हात थरथरला. ठोका पाट्याच्या कडेवर पडला. पाटा सटकून जमिनीवर वाजत गेला.

"घामानं सटकला," मामा म्हणाले.

दुसऱ्या वेळी घण त्यांच्या हातातूनच निसटला. कुणाला लागला नाही. मालक आणि अंकल दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले.

मामांनी उजवा हात डाव्या हातात धरला. मग हळूच मला म्हणाले, "मुठीत जोर राहत नाही गं. ते झाल्यापासून. शर्टाची बटणं पण डाव्या हातानं लावतो."

घरात आम्ही सगळे समजत होतो ते पूर्ण बरे झाले आहेत. फोनवर रोज म्हणायचे, एकदम ठणठणीत.

मी खाली वाकले आणि घण उचलला. हातमोजे मालकानं दिले.

"मला सांगा कुठे मारायचं."

"तुला जमणार नाही."

"तुम्ही सांगा तर."

त्यांनी पाटा पुन्हा ठोकळ्यावर ठेवला आणि खडूनं खूण केली. "इथं. जोर लावायचा नाही, नुसता पडू द्यायचा. वजन त्याचं त्याला काम करू दे. हां. आता दोन बोटं पुढं. परत. थांब."

त्यांनी पाटा उचलून खालच्या पाट्यावर ठेवला, डोळा लावून मधली फट बघितली. "मधे उजेड दिसतोय. अजून एक, हलका. हलका म्हटलं ना! हां. आता बघ."

मी वाकून बघितलं. उजेड दिसत नव्हता.

दहा पाट्यांना आम्हाला साडेतीन तास लागले. माझे दोन्ही खांदे दुखत होते आणि तळहातावर फोड आला होता. मालकानं तीनदा कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून दिली. मामांनी शेवटचा पाटा बसवला आणि मालकाला खूण केली की बघून घे. त्यानं सगळी जुडी फिरवून फिरवून तपासली आणि मला म्हणाला, "तुझा बाप चांगला शिकवतो." मी सासरे आहेत म्हणून सांगितलं नाही. मामांना मात्र वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते हाताला लागलेला खडू पुसत राहिले.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "हाताचं घरी सांगू नको. तो उगाच काळजी करेल."

"सांगणार आहे, मामा," मी म्हटलं. "तुमच्यासमोर सांगते. पण सांगणार."

त्यांना राग आला असेल असं वाटलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि दोन स्टॉप गेल्यावर म्हणाले, "बरं."

महिना संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हा नव्या कमानी चढल्या. ह्या वेळी मामांनी कॅराव्हॅनच्या आत जे काही असणार ते सगळं आधी आत ठेवायला लावलं. पाण्याची टाकी भरली, गॅस, गाद्या. आंटीनं तांदळाची गोणीही आणली. मग मागे दोन्ही बाजूंना उंची मोजली, मी एका बाजूला, ते दुसऱ्या. बोटभर फरक निघाला. त्यांनी गोणी उजवीकडून डावीकडे सरकवली आणि फरक गेला.

रस्त्यावर काढायच्या आधीची तपासणी तिथेच झाली, परवान्याचे कागद मिळाले. गुरुवारी सकाळी मी रजा टाकली. अंकलनी कॅराव्हॅन रोपवाटिकेच्या फाटकातून बाहेर काढली, त्याच कच्च्या रस्त्यावरून. मी मागून चालत होते. खड्डा आला, कॅराव्हॅन खाली दबली, वर आली आणि थांबली. एकदाच. मामा माझ्या शेजारी होते. त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

लॉऱ्यांच्या आवारात पोचल्यावर आंटीनं दार उघडून आधी कपाट बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. तिनं शेगडी पेटवली आणि दूध न घातलेला चहा केला. आजूबाजूला सिमेंटच्या आणि डुकराच्या मांसाच्या लॉऱ्या उभ्या, आणि मधे आम्ही चौघं पिवळ्या खोलीत गुडघ्याला गुडघे लावून बसलेलो. आंटीनं मामांच्या उजव्या हाताकडे बघितलं असावं, कारण तिनं कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. मामा तिला म्हणाले, "थँक्यू." इंग्रजीत बोललेला त्यांचा हा पहिलाच शब्द मी ऐकला.

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला हाताचं सांगितलं, मामांसमोर. तो आधी माझ्यावर चिडला, मग वडिलांवर, मग स्वतःवर, की रोज हॉस्पिटलात जातो आणि घरातलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तो त्यांना आपल्याबरोबर नोव्हेनाला घेऊन गेला. पुढचे सहा आठवडे मामा व्यायामाला जात होते. रबरी चेंडू दाबायचा, दोरीच्या गाठी सोडवायच्या. शनिवारी नेण्याची पाळी माझी असायची. वाटेत एमआरटीत ते मला विचारायचे, लॅबमध्ये ह्या आठवड्यात काय तोडलं? आणि मी सांगायचे. मूठ पूर्ण आली नाही. पण बटणं उजव्या हातानं लागायला लागली.

मामा परत गेल्यावर दोन महिन्यांनी अंकल-आंटी समुद्रावर जाऊन आले. येताना माझ्यासाठी वाळवलेले मासे आणले. मी आमच्याकडे मासे तळले, तर सगळ्या कॉरिडॉरला वास सुटला आणि आंटी हसत दारात आली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगलीला गेलो. नणंदेचं बाळ बघायला गर्दी होती, घरात बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, चल, एका ठिकाणी जाऊन येऊ. नवरा निघाला तर त्याला म्हणाले, तू बाळाजवळ थांब. स्कूटर मला चालवायला लावली आणि मागे बसून रस्ता सांगत राहिले.

त्यांचं जुनं वर्कशॉप. कमानीच्या खात्यात पाच-सहा जण दुपारचे डबे उघडून बसले होते. मामांना बघून उठले. त्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसानं त्यांना मिठी मारली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"आमची सून," मामा म्हणाले. "सिंगापूरला असती. आपल्याच लायनीतली हाय."

तो माणूस हसला, थट्टा समजला. मामा हसले नाहीत. मग त्यानं माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं, रुमालानं एक लोखंडी स्टूल पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं. कुणीतरी डब्याच्या झाकणात भाकरी आणि ठेचा काढला. मी पहिला घास घेतेय तोवर एक जण उठून कोपऱ्यातून तुटलेला पाटा घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, हा दर चार महिन्यांनी इथंच मोडतो. का मोडत असेल?"

मी मामांकडे बघितलं. ते जेवत होते.

"तिला विचारलंय," ते म्हणाले. "तिलाच सांगू दे."